शिक्षकाचा अभिमान आणि प्रभूचा आनंद



दिवाळीची सुट्टी संपून शाळा पुन्हा सुरू झाल्या की आपल्या वसईत विज्ञान प्रदर्शनांचे दिवस येतात. प्रथम शाळेचे, मग तालुक्याचे, तेथून निवड झालेल्यांना जिल्ह्याचे आणि पुढे राज्याचे. घराघरांत पुठ्ठे, रिकाम्या बाटल्या, वायरी आणि बॅटरीचे सेल यांचा पसारा पडतो. स्वयंपाकघरातला खाण्याचा सोडा आईला सापडेनासा होतो. संध्याकाळी शाळा सुटल्यावरही प्रयोगशाळेतला दिवा बराच वेळ जळत राहतो. आणि याच दिवसांत, १५ नोव्हेंबर रोजी, ख्रिस्तसभा संत आल्बर्ट महान यांचा सण साजरा करते. पोप पायस बारावे यांनी १९४१ साली त्यांना निसर्गविज्ञानाचा अभ्यास करणाऱ्यांचे आश्रयदाते संत म्हणून घोषित केले.

प्रदर्शनाच्या दिवशी आपण सर्व जण मुलांकडे पाहतो. मुले टेबलाच्या पुढे उभी असतात, पाठ केलेली माहिती धडाधडा सांगत असतात. पण त्या टेबलापासून चार पावले मागे, भिंतीला टेकून, आणखी एक व्यक्ती उभी असते. परीक्षक जवळ आले की तिचे ओठ मुलांच्या बरोबरीने हलू लागतात. मूल अडखळले की तिचा श्वास अडकतो. मुलाने बरोबर उत्तर दिले की तिच्या चेहऱ्यावर जे उमटते त्याला आपण मराठीत अभिमान म्हणतो. आज मला त्या मागे उभ्या असलेल्या शिक्षकाविषयी आपणांशी बोलायचे आहे.

अभिमान हे पाप आहे का?

धर्मशिक्षणाच्या वर्गात आपण सर्वांनी सात मूळ पापांची नावे पाठ केली आहेत. त्यांत पहिले नाव गर्वाचे. गर्वापाठोपाठ नाश येतो, असे नीतिसूत्रांच्या पुस्तकात बजावले आहे (१६:१८). मग आपल्या विद्यार्थ्यांकडे पाहून शिक्षकाची छाती भरून येते, तेही पापच म्हणायचे काय?

आपली मायबोली या बाबतीत मोठी शहाणी आहे. तिच्यात गर्व आहे, अहंकार आहे, ताठा आहे. पण त्याच भाषेत अभिमान आहे आणि कौतुकही आहे. गर्व म्हणजे स्वतःकडे पाहून वाटणारा फुगारा. कौतुक म्हणजे दुसऱ्याकडे पाहून वाटणारा आनंद. अभिमान हा या दोहोंच्या मध्ये उभा असतो. तो कोणत्या बाजूला झुकेल, हे पाहणाऱ्याच्या नजरेवर अवलंबून राहते. शिक्षकाची नजर मुलावर खिळलेली असेल, तर त्याचा अभिमान कौतुकाच्या बाजूला झुकतो. नजर मुलावरून घसरून स्वतःच्या नावावर, शाळेच्या फलकावर, शेजारच्या शाळेच्या पडलेल्या चेहऱ्यावर गेली, की तोच अभिमान गर्वाच्या बाजूला कलंडतो.

संत पौलाला हा शुद्ध अभिमान चांगला ठाऊक होता. थेस्सलनीकाच्या विश्वासणाऱ्यांना तो कळवतो, की प्रभू येशू येईल तेव्हा आपण ज्याची प्रौढी मिरवू असा मुकुट म्हणजे तुम्हीच आहात (१ थेस्स. २:१९-२०). फिलिप्पैच्या मंडळीलाही तो आपला आनंद आणि आपला मुकुट असे संबोधतो (४:१). मात्र करिंथच्या मंडळीत 'मी पौलाचा, मी अपुल्लोसाचा' असे गट पडले, तेव्हा त्याच पौलाने त्यांना ठणकावले. लावणारा एक होता, पाणी घालणारा दुसरा होता, परंतु वाढ देवाने दिली, अशी त्याने त्यांना आठवण करून दिली (१ करिंथ. ३:५-७). आपण वाडीवाले लोक आहोत. केळीचे कोंब लावणे आपल्या हाती असते, पाट काढून पाणी देणे आपल्या हाती असते. पण रात्रीच्या अंधारात पान कसे उलगडते ते कोणाच्याच हाती नसते. शिक्षकाचेही तसेच आहे.

बहात्तर शिष्य परत आले

लूकच्या शुभवर्तमानातील दहावा अध्याय आपण घरी काढून वाचावा, अशी माझी विनंती आहे. प्रभू येशूने बहात्तर शिष्यांना दोघा-दोघांनी गावोगाव पाठवले. तोवर ते पाहत होते, ऐकत होते. आता प्रथमच त्यांना स्वतः जाऊन काही करून दाखवायचे होते. गुरू सोबत नव्हता. थैली नाही, झोळी नाही, पायांत वहाणा नाहीत.

ते परत आले तेव्हा हर्षभरित झाले होते. भुतेदेखील आम्हाला वश होतात, असे ते प्रभूला सांगू लागले. पहिले बक्षीस मिळवून धावत येणाऱ्या मुलांचे चेहरे डोळ्यांपुढे आणा, म्हणजे तो प्रसंग दिसेल. यावर येशूने काय केले? त्याने त्यांच्या आनंदावर पाणी ओतले नाही. पण त्याने त्यांची नजर वळवली. तुमचे सामर्थ्य चालले याचा आनंद मानू नका, तर तुमची नावे स्वर्गात लिहिलेली आहेत याचा आनंद माना, असा त्याच्या सांगण्याचा रोख होता. म्हणजे, यशापेक्षा तुम्ही पित्याचे आहात ही गोष्ट मोठी आहे. यश उद्या नसेलही. ते नाते मात्र टिकणार आहे.

आणि लगेच पुढच्या वचनात लूक एक विलक्षण गोष्ट नोंदवतो. येशू पवित्र आत्म्याच्या योगे उल्हसित झाला आणि त्याने पित्याचे आभार मानले, कारण ज्ञानी म्हणवणाऱ्यांपासून जे गुप्त राहिले ते पित्याने बालकांना उघड केले होते. येशू रडला हे आपल्याला माहीत आहे. तो आनंदाने उचंबळून आला, ते मात्र आपल्या शिष्यांना काहीतरी उमगले हे पाहून. प्रिय शिक्षकहो, आपल्या वर्गातल्या मुलाच्या डोळ्यांत 'अरे, हे असं आहे तर!' अशी चमक दिसते आणि आपले मन भरून येते, तेव्हा आपण प्रभूच्याच आनंदात वाटेकरी होत असतो. त्या आनंदाची खूण एवढीच, की तो पित्याचे आभार मानण्यात संपतो.

याच गुरूने शेवटच्या रात्री शिष्यांना आणखी एक गोष्ट सांगितली. जो माझ्यावर विश्वास ठेवतो तो माझी कृत्ये करील, इतकेच नव्हे तर त्यांहून मोठी कृत्ये करील, असे आश्वासन त्याने दिले (योहान १४:१२). शिष्य आपल्यापेक्षा मोठे काही करतील, हे ज्याला आनंदाने सांगता येते तो खरा गुरू.

विद्यार्थी आधी संत झाला

संत आल्बर्ट हे तेराव्या शतकातील जर्मन धर्मगुरू, डॉमिनिकन संघाचे. झाडे, प्राणी, खनिजे यांवर त्यांनी ग्रंथ लिहिले. जुन्या पंडितांनी लिहिले आहे म्हणून खरे, एवढ्यावर ते थांबत नसत; स्वतः पाहावे, पडताळावे, असा त्यांचा आग्रह असे. १२६० साली त्यांना रेगेन्सबुर्गचे महागुरू नेमण्यात आले, पण दोनच वर्षांत त्यांनी ते पद सोडले आणि ते पुन्हा अध्ययन-अध्यापनाकडे वळले.

१२४८ च्या सुमारास कलोन शहरात त्यांच्या वर्गात एक तरुण इटालियन संघबंधू बसत असे. अंगाने थोराड, स्वभावाने अबोल. सोबती त्याला 'मुका बैल' म्हणून चिडवत. परंपरा सांगते, की आल्बर्टनी त्याची बुद्धी ओळखली आणि सर्वांसमक्ष भाकीत केले, की या बैलाचे हंबरणे एके दिवशी साऱ्या जगाला ऐकू येईल. तो विद्यार्थी म्हणजे संत थॉमस अक्वायनस, ख्रिस्तसभेचे थोर धर्मपंडित.

थॉमस १२७४ साली, पन्नाशीच्या आतच, वारले. वृद्ध गुरू मागे राहिले. १२७७ साली पॅरिसच्या महागुरूंनी अनेक मतांवर निषेध जाहीर केला आणि थॉमस यांच्या शिकवणुकीवरही संशयाची सावली पडली. तेव्हा पंचाहत्तरीच्या घरातले आल्बर्ट आपल्या दिवंगत विद्यार्थ्याची बाजू मांडण्यासाठी कलोनहून पॅरिसला गेले, अशी आठवण थॉमस यांच्या संतपदाच्या चौकशीत नोंदवली गेली. विद्यार्थ्याचे कौतुक करणे सोपे असते, जोवर टाळ्या वाजत असतात. विद्यार्थ्यावर आळ येतो तेव्हा त्याच्या पाठीशी उभे राहणे, हा कौतुकाचा कस आहे.

आणि पुढे पाहा. थॉमस यांना १३२३ साली संतपद मिळाले. त्यांच्या गुरूला संत म्हणून घोषित व्हायला १९३१ साल उजाडले. सहाशे आठ वर्षे विद्यार्थी पुढे आणि गुरू मागे! प्रदर्शनाच्या टेबलामागे चार पावलांवर उभ्या असलेल्या आपल्या शिक्षकांना यापेक्षा चांगला आश्रयदाता कुठे मिळणार?

कलकत्त्यातील एक फादर

हे सगळे फार जुने आणि फार दूरचे वाटत असेल, तर आपल्याच देशातील एक उदाहरण देतो. येशूसंघीय फादर युजीन लाफों हे मूळचे बेल्जियमचे. १८६५ साली ते कलकत्त्यास आले आणि सेंट झेवियर्स कॉलेजात विज्ञान शिकवू लागले. त्या काळी आपल्याकडे विज्ञान पुस्तकातून घोकले जाई. फादर लाफों मात्र उपकरणे मांडून प्रयोग करून दाखवत. शहरातील सामान्य लोकांसाठीही ते सप्रयोग व्याख्याने देत. त्यांच्या वर्गात एक बंगाली तरुण होता. फादरांचे प्रयोग पाहून त्याला भौतिकशास्त्राची गोडी लागली. त्याचे नाव जगदीशचंद्र बोस. पुढे १८९५ च्या सुमारास याच बोस यांनी कलकत्त्यात, मधे तार नसताना, विद्युत-चुंबकीय लहरींच्या साहाय्याने दूरची घंटा वाजवून दाखवली आणि जग थक्क झाले.

१८७६ साली डॉ. महेंद्रलाल सरकार यांनी भारतीयांना विज्ञानाचे संशोधन करता यावे म्हणून कलकत्त्यात एक संस्था उभी केली. तिच्या उभारणीत फादर लाफों यांनी मन लावून साथ दिली. याच संस्थेच्या प्रयोगशाळेत सी. व्ही. रामन यांनी पुढे काम केले आणि २८ फेब्रुवारी १९२८ रोजी जो शोध लावला त्यासाठी त्यांना १९३० साली नोबेल पारितोषिक मिळाले. आपण राष्ट्रीय विज्ञान दिन साजरा करतो तो त्याच तारखेला. फादर लाफों १९०८ मध्येच वारले होते. त्यांनी नोबेल पाहिले नाही. त्यांनी लावले, पाणी घातले. वाढ देवाने दिली.

लक्षात घ्या, जगदीशचंद्र ख्रिस्ती नव्हते, महेंद्रलाल सरकार आणि रामनही नव्हते. फादरांनी विद्यार्थ्याचा धर्म पाहून आपले ज्ञान मोजून-मापून दिले नाही. आपल्या शाळांतही सर्व धर्मांची मुले शिकतात. त्यांतील प्रत्येक मूल देवाच्या प्रतिरूपात निर्माण झाले आहे. त्याच्या यशाचा आनंद आपल्याला तितकाच झाला पाहिजे.

बाराव्या विहिरीची गोष्ट

आता आपल्या घराजवळची एक गोष्ट. आपल्या तालुक्यातील एका शिक्षिकेने ती मला सांगितली. शाळेचे आणि मुलांचे नाव छापू नये, असे तिचे म्हणणे आहे, आणि ते रास्त आहे.

या बाईंच्या तीन विद्यार्थ्यांनी, दोन मुली आणि एक मुलगा, विहिरींच्या पाण्याचा प्रकल्प घेतला. आपल्या पश्चिम पट्ट्यात उन्हाळा आला की विहिरींचे पाणी मचूळ होते, हे आपल्याला नवे नाही. वाडवडिलांनी वाड्यांमधून बावखले खोदली होती. पावसाचे पाणी त्यांत साठे, जमिनीत मुरे आणि आसपासच्या विहिरी गोड राहत. आज कित्येक बावखले भराव टाकून बुजवली गेली आहेत. मुलांनी ठरवले, की बावखलाजवळच्या आणि बावखलापासून दूरच्या अशा बारा विहिरींचे पाणी तपासायचे. मे महिन्याच्या सुट्टीत एकदा आणि पाऊस संपल्यावर ऑक्टोबरात एकदा. प्रयोगशाळेत सिल्व्हर नायट्रेटचे थेंब टाकून, पिवळे पाणी विटकरी व्हायला किती थेंब लागतात ते मोजायचे. थेंब जितके अधिक तितके पाण्यात मीठ अधिक.

अकरा विहिरींनी मुलांचा अंदाज खरा ठरवला. बाराव्या विहिरीने मात्र घोळ केला. ती बावखलाला अगदी लागून, तरीही मे महिन्यातले तिचे पाणी सर्वांत खारट. मुले हिरमुसली. पुन्हा मोजले, तेच आले. कोणीतरी बाईंना सुचवले, "अहो, ती एक विहीर गाळून टाका. अकरा ठेवा. तक्ता कसा छान सरळ दिसेल. परीक्षकांना काय कळणार आहे?"

बाई मला म्हणाल्या, "फादर, खोटं कशाला बोलू, क्षणभर मलाही ते पटलं. तीन वर्षं आमच्या शाळेला तालुक्यात नंबर नव्हता." पण त्यांनी विहीर गाळली नाही. त्यांनी मुलांना सांगितले, की त्या वाडीत जा आणि म्हाताऱ्या माणसांना विचारा.

मुले गेली. एका आजोबांनी त्यांचे सगळे ऐकून घेतले आणि विचारले, "पोरांनो, त्या विहिरीवर दिवसाला टँकर किती भरतात ते मोजलंत का?" मुलांच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. पंप लावून सतत उपसा केला, की गोड पाण्याची पातळी खाली जाते आणि खालचे खारे पाणी वर सरकते. बावखल शेजारी असूनही ती विहीर खारावली होती, याचे कारण हे असू शकत होते. जी विहीर गाळायची होती तीच सर्वांत मोठा धडा सांगत होती!

पण गोष्ट इथे संपत नाही. ती विहीर गटातल्या मुलाच्या सख्ख्या काकांची होती. टँकरचा धंदाही घरचाच. दोन दिवस तो मुलगा गप्प राहिला. बाईंनी त्याच्यावर जबरदस्ती केली नाही. त्या एवढेच म्हणाल्या, "आपण कोणाचं नाव लिहायचं नाही. नुसतं 'विहीर क्रमांक १२' लिहायचं. पण लिहायचं की नाही, ते तू ठरव." तिसऱ्या दिवशी तो स्वतःहून आला आणि म्हणाला, "बाई, लिहू या."

प्रदर्शनात परीक्षकांनी विचारले, "टँकरमुळेच पाणी खारं झालं, याला पुरावा काय?" गटातल्या मुलीने उत्तर दिले, "सर, पुरावा अजून नाही. तो आमचा अंदाज आहे. येत्या मे महिन्यात टँकर मोजून पुन्हा तपासणार आहोत." परीक्षकांनी मान हलवली आणि ते पुढे गेले. बक्षीस दिव्यांची उघडझाप करणाऱ्या एका मोठ्या प्रतिकृतीला मिळाले. या मुलांना सहभागाचे प्रमाणपत्र मिळाले.

"फादर," बाई मला म्हणाल्या, "मी वीस वर्षं शिकवते आहे. नंबर आले तेव्हाही आनंद झाला. पण ती पोरगी परीक्षकांच्या डोळ्याला डोळा देऊन 'अजून नाही' म्हणाली ना, तेव्हा वाटलं, आपली नोकरी सार्थकी लागली."

काका प्रदर्शन पाहायला आले होते. तक्त्यासमोर ते बराच वेळ उभे राहिले, काही बोलले नाहीत. पुढच्या रविवारी मिस्सा सुटल्यावर त्यांनी पुतण्याला गाठून विचारले, "येत्या मे महिन्यात पुन्हा मोजणार ना? मग माझ्याकडची टँकरची वही घेऊन जा."

बंधू-भगिनींनो, सत्य तुम्हाला बंधमुक्त करील, असे आश्वासन प्रभूने दिले आहे (योहान ८:३२). ते केवळ धर्मशिक्षणाच्या वर्गापुरते नाही. परीक्षानळीतले सत्यही त्याच देवाचे आहे. देवाने सर्व काही माप, संख्या आणि वजन यांनुसार रचले, असे शलमोनाच्या ज्ञानग्रंथात म्हटले आहे (११:२०). जो विद्यार्थी आपले माप प्रामाणिकपणे नोंदवतो तो नकळत निर्मात्याचा आदर करत असतो. आणि जो शिक्षक एका क्रमांकासाठी आकडा बदलायला शिकवतो, त्याने मुलाला विज्ञानही शिकवलेले नसते आणि श्रद्धाही.

ज्यांना क्रमांक मिळाला नाही

प्रदर्शनात पन्नास टेबले असतात आणि बक्षिसे तीन. म्हणजे बहुतेक मुले आणि बहुतेक शिक्षक रिकाम्या हाताने घरी येतात. त्यांच्यासाठी फादर ग्रेगॉर मेंडेल यांची आठवण सांगतो. ऑगस्टिनियन संघाच्या ब्रनो येथील मठातले हे धर्मगुरू शाळेत बदली शिक्षक म्हणून शिकवत. शिक्षकाची पात्रता परीक्षा ते दोन वेळा देऊनही उत्तीर्ण होऊ शकले नाहीत. पण मठाच्या बागेत त्यांनी आठ वर्षे वाटाण्याची हजारो रोपे वाढवली, मोजली आणि गुणधर्म पिढ्यान्‌पिढ्या कसे उतरतात त्याचे नियम शोधले. १८६५ साली त्यांनी ते स्थानिक विज्ञान मंडळापुढे वाचून दाखवले. कोणी विशेष दखल घेतली नाही. १८८४ साली ते वारले. त्यांच्या कामाचे मोल जगाला १९०० साली कळले, म्हणजे पस्तीस वर्षांनी. आज दहावीच्या पुस्तकात त्यांचे नाव आहे. त्या दिवशीच्या श्रोत्यांपैकी कोणाचे आहे?

सध्याचे पोप लिओ चौदावे हे याच ऑगस्टिनियन संघाचे, आणि त्यांनी महाविद्यालयात गणित विषयाची पदवी घेतलेली आहे. विज्ञान शिकणारा तरुण देवापासून दूर जातो, अशी भीती आपल्यातल्या काही आईवडिलांना वाटते, म्हणून हे मुद्दाम सांगतो. पोप जॉन पॉल दुसरे यांनी १९९८ च्या आपल्या विश्वपत्रात श्रद्धा आणि बुद्धी यांना दोन पंखांची उपमा दिली आहे. एकाच पंखाने पक्षी उडत नाही. विज्ञानाच्या बाबतीत ख्रिस्तसभेलाही शिकावे लागले आहे. गॅलिलिओला १६३३ साली दोषी ठरवले गेले. ती चूक होती, हे पोप जॉन पॉल यांनी १९९२ साली जाहीरपणे मान्य केले. आपली चूक मान्य करण्याने ख्रिस्तसभा लहान झाली नाही. मग 'बारावी विहीर आमच्या अंदाजात बसली नाही' असे लिहिल्याने आपली मुले कशी लहान होतील?

आपण आत्मपरीक्षण करू या

प्रिय शिक्षकहो, मुलांनी बनवलेले वेडेवाकडे मॉडेल बाजूला सारून बाजारातून तयार आणलेले चकचकीत मॉडेल आपण टेबलावर ठेवतो का? नेहमी त्याच दोन हुशार, धीट मुलांना आपण पुढे करतो का? मागच्या बाकावरच्या 'मुक्या बैला'कडे आपली नजर कधी जाते? बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाला येशूची वाढती कीर्ती ऐकून मत्सर वाटला नाही. नवऱ्याचा आवाज ऐकून आनंदणाऱ्या मित्राशी त्याने स्वतःची तुलना केली, आणि त्याने वाढावे, मी लहान व्हावे, हीच त्याची इच्छा होती (योहान ३:२९-३०). आपला विद्यार्थी आपल्यापुढे जातो तेव्हा आपल्याला काय वाटते, हे प्रत्येक शिक्षकाने पवित्र साक्रामेंतापुढे बसून स्वतःला विचारावे.

प्रिय आईबाबांनो, प्रकल्प मुलाचा आहे की तुमचा? रात्री बारा वाजता मूल झोपलेले आणि बाबा पुठ्ठा कापत बसलेले, असे चित्र अनेक घरांत दिसते. मदत जरूर करा, पण त्याच्या हातून काम काढून घेऊ नका. नंबर आला नाही म्हणून घरी आलेल्या मुलाला पहिला प्रश्न 'कोणाला मिळाला?' असा विचारू नका. 'तुला काय नवीन कळलं?' असे विचारा. बारा वर्षांचा येशू मंदिरात गुरुजनांमध्ये बसला होता तो ऐकत आणि प्रश्न विचारत (लूक २:४६). मरियेला त्याचे सगळे कळले नाही, तरी तिने ते सर्व आपल्या अंतःकरणात जपून ठेवले.

प्रिय मुलांनो, तुम्हाला बक्षीस मिळाले, तर ज्यांनी तुम्हाला शिकवले त्यांना जाऊन 'थँक यू' म्हणा. प्रयोगशाळेत बाटल्या धुऊन ठेवणाऱ्या शिपाईकाकांनाही म्हणा. आणि बक्षीस मिळाले नाही, तर तुमची वही फेकू नका. पुढच्या मे महिन्यात ती लागणार आहे.

आणि आपण सर्व धर्मग्रामस्थ. क्रिकेटच्या सामन्याला आपण मैदान भरून टाकतो. आपल्या मुलांच्या विज्ञान प्रदर्शनाला किती जण जातो? यंदा वेळ काढून अवश्य जाऊ या. ज्या टेबलापुढे गर्दी नाही तेथे मुद्दाम थांबू या. मुलांना एक तरी प्रश्न विचारू या, आणि टेबलामागे उभ्या असलेल्या शिक्षकांशी दोन शब्द बोलू या. निवृत्त झालेले आपले जुने शिक्षक अजून आपल्या गावात आहेत. काही आजारी आहेत, काही एकटे आहेत. आपण त्यांचा आनंद आणि मुकुट आहोत. तो मुकुट त्यांना एकदा दाखवून यायला हवा.

प्रार्थना

हे प्रभो येशू, तू शिष्यांचा गुरू झालास आणि त्यांच्या आनंदात आनंदलास. आमच्या शिक्षकांना आशीर्वाद दे. त्यांचा अभिमान गर्वाच्या काट्यांपासून राखून ठेव. त्यांनी लावलेले रोप तू वाढव आणि त्या वाढीत त्यांना समाधान दे. आमच्या मुलांना शोधण्याची हौस दे, मोजण्याचा धीर दे आणि जे दिसले तेच सांगण्याचे बळ दे. ज्यांच्या हाती आज बक्षीस आले नाही, त्यांची नावे तुझ्या पुस्तकात आहेत हे त्यांना कळू दे. संत आल्बर्ट, आमच्यासाठी विनंती कर. आमेन.